सासरे, जावई आणि मधली वायर

पेनड्राइव्हचं काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण ही हकीकत ज्याला म्हणून सांगायला जावं, तो दुसऱ्याच वाक्याला हात वर करून विचारतो, "पण मग पेनड्राइव्ह का नाही लावला?" आणि विचारताना चेहरा असा करतो, की पेनड्राइव्हचा शोध त्यानेच लावलाय आणि आपण अजून गुहेत राहतो. तर पेनड्राइव्ह लावता येत नव्हता. तो जिथे खुपसायचा त्या फटींतून धूळ आत जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी त्या लाखेने बंद केल्या होत्या. खरीखुरी लाख. मेणबत्तीवर वितळवून, वरून अंगठा दाबून. सासरे पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि उघडं काही दिसलं की त्यांच्या जिवाला चैन पडत नसे.

मग इंटरनेटवरून पाठवायचं, असं म्हणणारेही भेटतात. पोस्टमास्तरांनी आपल्या कॉम्प्युटरला इंटरनेटची सावलीसुद्धा पडू दिली नव्हती. जे पत्र मधल्या वेळात कोणाच्या हातात असतं हे सांगता येत नाही, ते पत्र नव्हे, ती अफवा, असं त्यांचं मत होतं. बरं, कॉम्प्युटर उचलून दुसऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवावा, तर तो बंद करायची सोय नव्हती. दुरुस्तीवाल्याने त्याला कान लावून ऐकलं होतं. आतून कोणीतरी वाळू चाळत असल्यासारखा आवाज यायचा. दुरुस्तीवाला म्हणाला होता, चालू आहे तोवर काय काढायचं ते काढून घ्या. एकदा बंद केलात की पुन्हा उठेल याची मी हमी घेणार नाही. आणि नवा कॉम्प्युटर आत न्यावा, तर तो दिवाणखान्यात सुताराने टेबलाच्या पोटात बसवून दिला होता, इतका मापात, की बाहेर काढायला पुन्हा सुतारच लागला असता. त्या सुताराला पहिल्यांदा बोलावल्यापासून तो प्रत्यक्ष येईपर्यंत दोन ऋतू गेले होते.

म्हणून वायर. एक कॉम्प्युटर आतल्या खोलीत, एक दिवाणखान्यात, मध्ये एक भिंत आणि दोघांना जोडणारी एक वायर. एवढंच काम होतं. आणि ते काम जावयाने अंगावर घेतलं होतं.

जावयाला सगळे इंजिनियर म्हणत. तो नोंदणी खात्यात वरिष्ठ कारकून होता. मागे कधीतरी ऑफिसातला प्रिंटर दोन दिवस बंद पडला, साहेबांनी दोन तज्ज्ञ आणून दाखवले, आणि याने सहज वाकून निघालेली पिन परत बसवली. त्या दिवसापासून तो इंजिनियर झाला. सुरुवातीला लोक ते थट्टेने म्हणत. पण टोपणनावाचं असं असतं, की ते बाकीच्यांच्या तोंडातून हळूहळू झिजत जातं आणि ज्याचं त्याच्या मनात मात्र मुरत जातं. इंजिनियरला आता आपण इंजिनियर आहोत असं खरोखरच वाटू लागलं होतं.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं पोस्टमास्तरांचं आत्मचरित्र. 'शिक्क्याखालचं आयुष्य' असं त्याचं नाव. निवृत्तीपासून ते रोज सकाळी दार लावून ते लिहीत बसत, दोन बोटांनी, प्रत्येक अक्षरावर शिक्का मारल्यासारखी कळ दाबत. दुसरी प्रत कुठेही नव्हती. निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांचा मेळावा तोंडावर आला होता, तिथे त्यातले उतारे वाचायचे होते, आणि छापायचा प्रिंटर जोडलेला होता नव्या कॉम्प्युटरला. इंजिनियरची बायको, म्हणजे पोस्टमास्तरांची मुलगी, शाळेत गणित शिकवायची. तिने सरळ हिशेब मांडला: दुरुस्तीवाल्याला बोलवा, तो तासाभरात करून जाईल. जेवताना इंजिनियरने पाणी स्वतः उठून घेतलं. घरात हे फार मोठं निषेधाचं लक्षण मानलं जाई. शेवटी बायको म्हणाली, "करा मग तुम्हीच. पण बाबांचं एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं ना, तर मला सांगू नका की मशीनने केलं."

वायर आणायला तो गेला तेव्हा दुकानदाराने विचारलं, सरळ देऊ की उलटी? माणूस म्हणून इंजिनियरचा कल आयुष्यभर सरळ गोष्टींकडे होता. त्याने ठामपणे सरळ मागितली. घरी येऊन जोडली. दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांकडे ढुंकून बघायला तयार नाहीत. समोरच्या घरातले होमिओपॅथ डॉक्टर दार उघडं बघून आत आले, त्यांनी वायरचं एक टोक हातात घेऊन नाडी पाहिल्यासारखं धरलं आणि सांगितलं, की दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर वायर उलटी लागते. कारण एकाचं बोलायचं टोक दुसऱ्याच्या ऐकायच्या टोकाला यायला हवं. सरळ वायरीत दोघंही एकाच तारेवर बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही. एवढं सांगून त्यांनी बाप-लेकीकडे, मग इंजिनियरकडे पाहिलं आणि म्हणाले, घराघरांतून पाहतोच मी हे.

इंजिनियर पुन्हा त्याच दुकानात गेला. आपली चूक झाली असं म्हणणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याने एका मित्राला उलटी वायर हवी असल्याचं सांगितलं. दुकानदाराने वायर गुंडाळून दिली आणि म्हणाला, "मित्राला सांगा, पुढच्या वेळी आधी विचारून घ्या म्हणावं. आणि त्याची सरळ वायर परत आणलीय तुम्ही, ती इथे ठेवा." पिशवीतून तिचं टोक बाहेर डोकावत होतं.

उलटी वायर दारातून आत नेली. इथे पोस्टमास्तरांची शिस्त आडवी आली. लिहायला बसलं की दार लावायचं आणि वरून कडी घालायची, हा त्यांचा कचेरीपासूनचा नेम. त्यांनी नेमाने दार लावलं, वायर चौकटीत चिरडली, आणि त्यांना काहीतरी अडतंय असं वाटल्यामुळे त्यांनी खांद्याने रेटून ते नीट लावलं. वायरचे दोन तुकडे झाले. इंजिनियरने तक्रार केली तेव्हा पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले, "जावईबापू, दार हे लावण्यासाठी असतं. तुमच्या वायरीला यायचं असेल तर तिने तिचा रस्ता शोधावा."

रस्ता म्हणजे भिंतीला भोक. ड्रिल मशीन डॉक्टरांकडे होतं. होमिओपॅथला ड्रिल कशाला लागतं हे इमारतीत कोणी विचारलं नव्हतं आणि इंजिनियरनेही विचारलं नाही. डॉक्टरांनी ते आनंदाने दिलं, वर कुठल्या जाडीचं पातं लावावं याचा सल्लाही दिला. इंजिनियरने चष्म्यावर चष्मा चढवला, भिंतीला पातं टेकवलं आणि बटण दाबलं. आवाज असा झाला, की खालच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी चप्पल न घालता वर आले.

सेक्रेटरींचा नियमांवर फार जीव. दुसऱ्या कोणाचा त्यांच्यावर नसल्यामुळे असेल. भिंत कोणाचीही असो, भोक पाडायचं तर आधी अर्ज, मग समितीची पाहणी, मग मंजुरी. भिंत माझ्याच घराच्या दोन खोल्यांमधली आहे, असं इंजिनियरने सांगून पाहिलं. सेक्रेटरी म्हणाले, आज तुमच्या दोन खोल्यांमधली आहे. उद्या कोणी दोन घरांमधल्या भिंतीला भोक पाडेल. परवा इमारत चाळणीसारखी होईल, आणि तेव्हा लोक माझ्याकडे बोट दाखवतील. अर्ज लिहिला गेला. त्यात भोकाचा उद्देश लिहायचा होता. इंजिनियरने 'कौटुंबिक दळणवळण' असं लिहिलं. सेक्रेटरींनी तो परत पाठवला, कारण कौटुंबिक दळणवळणाला दार आहे.

शेवटी पाहणी समिती आली. समितीत दोघं: सेक्रेटरी आणि समोरचे डॉक्टर. डॉक्टरांनी दारातून आत येताना इंजिनियरला पूर्वी कधी पाहिलंच नसल्यासारखा नमस्कार केला. मग ते भिंतीपाशी गेले, अर्धवट पाडलेल्या भोकात करंगळी घालून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "हे ड्रिल मशीन आपण कुठून पैदा केलंत?" इंजिनियरने त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं, पण डॉक्टर समितीत शिरले की डॉक्टर राहत नसत. "ओळखीच्यांकडून," तो म्हणाला. "अशा ओळखी बऱ्या नव्हेत," असं म्हणून डॉक्टरांनी चहा घेतला आणि मंजुरी दिली. अट एकच, की भोक जमिनीपासून कमरेच्या उंचीवर असावं. कोणाच्या कमरेच्या, यावर समितीत थोडा मतभेद झाला. तो सेक्रेटरींच्या बाजूने सुटला. ते बुटके होते.

त्या ठरलेल्या उंचीवर इंजिनियरने भिंत पोखरत नेली. भिंत संपली, पण समोर अजून काहीतरी टणक लागत होतं. हल्लीच्या भिंती पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत असं आपण म्हणतो, पण बघा, असं काहीतरी मनाशी म्हणत त्याने जोर लावला. टणक संपून मऊ लागलं. मग काहीच लागेना. पलीकडे जाऊन बघतो तर भोक कुठेच नाही. पोस्टमास्तरांचं लाकडी कपाट मात्र भिंतीला टेकून उभं. दार उघडल्यावर दिसलं, की पातं कपाटाच्या पाठीतून आत शिरून, तिथे टांगलेल्या पोस्टमास्तरांच्या काळ्या कोटाच्या पाठीतून जाऊन छातीवरच्या खिशातून बाहेर आलं होतं. गोळी लागल्यासारखं. पोस्टमास्तरांनी कोट उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाले, बरं झालं, मी आत नव्हतो.

बायकोने कोटाला आतून अस्तर लावून दिलं. ते लावत असताना ती इंजिनियरशी बोलत नव्हती, पण सुई ज्या पद्धतीने टोचत होती त्यावरून सगळं कळत होतं.

तर तिसरी वायर, भिंतीतून, कपाटातून, पोस्टमास्तरांच्या टेबलापर्यंत पोचली. आता दोन्ही यंत्रांना एकेक नंबर द्यायचा असतो, म्हणजे ती एकमेकांना ओळखतात. इंजिनियर न्यायी माणूस. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसराच नंबर देऊन उगाच भेदभाव नको, म्हणून त्याने दोघांना एकच नंबर दिला. काहीच होईना. दोन संध्याकाळी त्याने या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या संध्याकाळी पोस्टमास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, की हे जे तुम्ही दोन्हीकडे लिहिता आहात ते काय आहे? पत्ता म्हणून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं? मग टपाल टाकायचं कुणाकडे? इंजिनियरने सहज आठवल्यासारखं करून एकाचा शेवटचा आकडा बदलला. नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर जुन्याचं नाव उगवलं. ते दाबलं तर पडदा म्हणाला, परवानगी नाही. सेक्रेटरी तिथेही पोचले होते म्हणायचे. मग आतल्या खोलीत जाऊन, सापडेल तिथे 'सर्वांना सर्व परवानगी' असं करून तो परत आला, आणि दिवाणखान्यातल्या पडद्यावर ते दिसलं: 'शिक्क्याखालचं आयुष्य'. त्याने दाबलं. उघडलं. अक्षरं दिसली.

"आलं," तो म्हणाला. हा शब्द त्याने इतक्या शांतपणे उच्चारला, की बायकोलाही क्षणभर त्याच्याबद्दल आदर वाटला.

इथे जाणकार वाचक खुर्चीत पुढे सरकून म्हणेल, की अहो, दिसलं म्हणजे आलं नव्हे. बरोबर आहे. पण इंजिनियर जाणकार नव्हता, तो इंजिनियर होता. आपल्या पडद्यावर दिसतंय म्हणजे आपल्याकडे आलंय, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली. वायर तशीच राहू दिली. मेळाव्याच्या आधी निवांत छापू, असं ठरलं.

पोस्टमास्तर संध्याकाळी फिरायला जात. त्या वेळात इंजिनियरने आत्मचरित्र वाचायला घेतलं. वाचायला घेतलं म्हणजे, आपण ज्या समूहफोटोत असतो तो बघतो तसं. आधी स्वतःला शोधलं. पानांमागून पानं गेली. पोस्टमास्तरांच्या पहिल्या सायकलवर अडीच पानं होती. एका गळक्या छतावर एक अख्खं प्रकरण. एका पोस्टमनला चावलेल्या कुत्र्यावर पानभर, आणि तेही अतिशय जिव्हाळ्याने. आणि मग, मुलीच्या लग्नाच्या परिच्छेदात, शेवटी: 'जावई शांत आहे.'

बस. तीन शब्द. पुढच्या वाक्यात पोस्टमास्तरांची बदली झाली होती.

इंजिनियर पडद्याकडे बघत बसला. इतकी वर्षं एका घरात राहून, डोळ्यांच्या ऑपरेशनला यांच्याबरोबर जाऊन, यांच्या आयुष्यासाठी भिंत भेदून, शांत. शांत तर कपाटही असतं. कुत्र्याने निदान चावून तरी दाखवलं म्हणून पान मिळालं. त्याने इकडे तिकडे पाहिलं. बायको वह्या तपासत होती. त्याने 'शांत' या शब्दापुढे हळूच 'आणि कर्तबगार' असं टाकलं. आपल्याच कॉम्प्युटरमधली प्रत आहे, छापणार आपणच, एवढ्या पानांच्या ढिगात दोन शब्द कोणाच्या लक्षात येणार?

पण कर्तबगारीचं असं आहे, की ती नुसती म्हणून भागत नाही. दाखला द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्याने दाखला दिला. तिसऱ्या दिवशी 'तांत्रिक बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नाही' हे वाक्य आलं. ते एकटं उघडं पडत होतं म्हणून चौथ्या दिवशी 'त्याच्या दुरदृष्टीने मी अनेकदा थक्क झालो' हे आलं. आठवडा सरेपर्यंत जावयाचा परिच्छेद कुत्र्याच्या पानाच्या बरोबरीला आला होता, आणि इंजिनियरचं ऑफिसातलं चालणंसुद्धा बदललं होतं.

याच दिवसांत पोस्टमास्तरांचं काहीतरी बिनसलं. ते जेवताना गप्प राहू लागले. गॅसचा खटका बंद आहे का हे बघायला उठू लागले, बसून परत उठू लागले. सकाळी त्यांच्या खोलीतून पाढे म्हणण्याचा आवाज येई, एकोणतिसाचा पाढा, हळू आवाजात, सातापाशी अडखळत. एकदा त्यांनी मुलीला तिच्या शाळेचं नाव विचारलं आणि तिने सांगितल्यावर 'हो, तेच' म्हणून सुटल्यासारखा श्वास टाकला. इंजिनियरला वाटलं, मेळाव्याची धास्ती असेल.

मग एका संध्याकाळी तो घरी आला तर बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती आणि तिचे डोळे लाल होते. समोरच्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं होतं. बाबा त्यांच्याकडे गुपचूप जाऊन आले होते, आठवड्यात तिसऱ्यांदा.

"बाबांना विसरायला होतंय," ती म्हणाली. "त्यांच्याच पुस्तकात त्यांना वाक्यं सापडतात. त्यांनीच लिहिलेली असणार, दुसरं कोण लिहिणार, पण लिहिल्याचं आठवतच नाही. रोज एखादं नवं."

इंजिनियरच्या हातातली पिशवी आपोआप खाली टेकली. कसली वाक्यं, असं त्याने विचारलं.

"तेच तर," तिने डोळे पुसले. "सगळी तुमचं कौतुक करणारी. डॉक्टर म्हणाले, विसरणं एक वेळ वयाचं असतं, पण हे लक्षण त्यांना बरं वाटत नाही."

ती चहा ठेवायला वळली तसा इंजिनियर दिवाणखान्यात गेला. टेबलाखाली वाकून त्याने वायर उपसली. पडद्यावरचं 'शिक्क्याखालचं आयुष्य' विझलं. वायर परत लावली, उगवलं. पुन्हा काढली, विझलं. तो टेबलाखालीच बसून राहिला. म्हणजे आलेलं काहीच नव्हतं. इतके दिवस तो आपल्या घरात बसून नाही, तर भिंतीतून हात घालून सासऱ्यांच्या खोलीत, सासऱ्यांच्याच कागदावर लिहीत होता.

लिहिलेलं गुपचूप पुसून टाकावं, हा विचार त्याच्या मनात आला. कोणाच्या आला नसता? पण मग म्हाताऱ्याला उद्या वाक्यं नाहीशी झालेली दिसतील, आणि आज निदान डोळ्यांवर आहे तो विश्वासही उडेल. टेबलाखालून त्याला पलीकडचा पाढा ऐकू येत होता. सातापाशी पुन्हा अडखळला. इंजिनियर उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सासऱ्यांच्या बंद दारावर टकटक केली.

पोस्टमास्तर कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. शेजारी साबुदाण्यासारख्या गोळ्यांची बाटली. इंजिनियरने बसून बोलायचं ठरवलं होतं, पण खुर्ची एकच होती, म्हणून उभ्यानेच, कपाटातून आलेल्या वायरकडे बघत त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे ते तुम्ही लिहिलंत," पोस्टमास्तर म्हणाले.

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"दूरदृष्टीसुद्धा?"

"ती गुरुवारी लिहिली."

"दूरदृष्टीतला 'दू' तुम्ही ऱ्हस्व लिहिला आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "मला तेव्हाच कळायला हवं होतं, की हे माझं नव्हे. पण मी म्हटलं, आता आपल्याला ऱ्हस्व-दीर्घही सोडून चाललं." त्यांनी चष्मा काढला. "जावईबापू, दुसऱ्याचं टपाल फोडणं हा गुन्हा आहे. मी एका माणसाला त्यासाठी नोकरीवरून काढलंय. आणि तुम्ही तर फोडून, आत चार ओळी घालून, परत चिकटवलंत."

इंजिनियर मान खाली घालून उभा राहिला. पुढे काय होणार याची त्याने पुरती तयारी केली होती. फक्त जे झालं त्याची केली नव्हती. पोस्टमास्तरांचे खांदे हलायला लागले. आधी त्याला वाटलं रडताहेत, आणि थोडंसं तसंही होतं. पण मग त्यांनी मान मागे टाकली आणि दार पलीकडून उघडून मुलगी धावत येईपर्यंत ते हसत राहिले. तिला काही सांगायच्या ऐवजी त्यांनी एकोणतिसाचा पाढा खणखणीत आवाजात सुरू केला, सातावरून न थांबता शेवटपर्यंत नेला, आणि गोळ्यांची बाटली इंजिनियरच्या हातात दिली. "या तुम्ही घ्या. रिकाम्या पोटी."

बायकोला सगळं कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर ती जे बोलली ते इथे सांगण्यात अर्थ नाही. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना ते माहीत आहे. बोलून झाल्यावर ती नव्या कॉम्प्युटरपाशी गेली, वायर लावली, आत्मचरित्र निवडलं, त्याची नक्कल केली आणि ती आपल्या बाजूला उतरवली. ओट्यावर दुसऱ्यांदा ठेवलेला चहा अजून उतू गेला नव्हता. मग तिने वायर काढून पुन्हा पाहिलं. पुस्तक जागच्या जागी होतं. त्यानंतर दोन दिवसांनी आतल्या खोलीतला वाळूचा आवाज थांबला, तो थांबलाच. पोस्टमास्तरांनी जुन्या कॉम्प्युटरवर एक स्वच्छ पंचा टाकला आणि ते दिवाणखान्यात लिहायला बसू लागले.

मेळाव्यापर्यंतचे दिवस इंजिनियरला अवघड गेले. पोस्टमास्तर सकाळपासून खाड खाड कळा दाबत असत, आणि हा जवळून गेला की पडद्यावर हात आडवा धरत. त्यांनी पुस्तकाला पासवर्डही घातला होता. आपले शब्द गेले, हे तर उघडच होतं. पण ते मूळचे तीन तरी राहिले असतील का, असं त्याला वाटे, आणि विचारायची हिंमत होत नसे. छापायच्या वेळी त्याला खोलीतून बाहेर पाठवण्यात आलं.

मेळाव्याच्या सभागृहात सगळे पांढऱ्या केसांचे, आणि सगळेच मोठ्याने बोलणारे. काउंटरच्या जाळीआडून आयुष्यभर बोलून ती सवय लागलेली. पोस्टमास्तर काळा कोट घालून व्यासपीठावर गेले. सायकलचं वाचतील, फार तर छताचं, असा इंजिनियरचा अंदाज होता. पोस्टमास्तरांनी घसा साफ केला आणि नव्या प्रकरणाचं नाव वाचलं: 'माझे जावई'.

त्यात सगळं होतं. सरळ वायर आणि मित्राला हवी असलेली उलटी वायर. दाराशी झालेला पहिला अपघात. भोकाचा अर्ज, समितीची कंबर, कोटाच्या छातीवरची जखम. इथे पोस्टमास्तरांनी खिसा पालथा करून अस्तर दाखवलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. एका पत्त्यावरची दोन बिऱ्हाडं आली, तेव्हा मागच्या रांगांतले पोस्टमन बाकं बडवायला लागले. दूरदृष्टीवर तर त्यांना वाचन थांबवून पाणी प्यावं लागलं. अर्धं सभागृह माना वळवून दुसऱ्या रांगेकडे बघत होतं. बायकोने तोंडावर रुमाल धरला होता आणि ती खुर्चीसकट हलत होती. इंजिनियर मात्र ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. कोणाला वाटलं असतं, तो अपमान गिळतोय. प्रत्यक्षात तो पानं उलटल्याचा आवाज ऐकत होता. सायकलला अडीच पानं होती. पोस्टमास्तर केव्हाच अडीचाच्या पुढे गेले होते आणि हातात अजून जाड गठ्ठा शिल्लक होता.

शेवटच्या पानावर पोस्टमास्तरांचा आवाज थोडा खाली आला. "मागे एका ठिकाणी मी लिहिलं होतं, की जावई शांत आहे," त्यांनी वाचलं. "ते विधान मी पूर्ण विचारांती मागे घेत आहे."

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी पोस्टमास्तरांना गराडा घातला. इंजिनियर आपला भिंतीशी उभा होता, तेवढ्यात काठी टेकत एक वयस्कर गृहस्थ त्याच्यापाशी आले. ते तारखात्यात होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आजूबाजूला पाहिलं आणि कानाजवळ येऊन सांगितलं, की त्यांच्याकडेही दोन कॉम्प्युटर आहेत, एक वरच्या खोलीत आणि एक खाली, आणि मुलगा म्हणतो पेनड्राइव्ह लावा, पण त्यांना काही ते पटत नाही.

बायकोने मागून त्याची बाही घट्ट धरली. पण इंजिनियरने छाती पुढे काढली होती.

"मधली भिंत विटांची आहे की काँक्रीटची?" त्याने विचारलं.